घरी बांधलेला फिशटँक: काच, कॅबिनेट आणि वायरिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये चार फुटी टाकी, तिच्याखालचं लाकडी कॅबिनेट आणि त्यातली विजेची सगळी व्यवस्था आम्ही घरी उभी केली. सुतारकाम ओळखीच्या मिस्त्रींच्या हाताखाली राहून केलं, काच स्वतः जोडली आणि मुख्य लाइनचं काम मात्र परवानाधारक वायरमनकडून करून घेतलं. घरी येणारे आधी मासे बघतात आणि मग हळूच कॅबिनेटचं दार उघडून आत डोकावतात. तिथून जे प्रश्न सुरू होतात, त्यांची ही उत्तरं आहेत. पाणी आणि वीज एकाच पेटीत कायमची एकत्र नांदणार आहेत, हे धरून कागदावरच्या पहिल्या रेघेपासून आखणी करा. बाकी बहुतेक निर्णय त्यातूनच निघतात.

दुकानात तयार स्टँड मिळतो, मग एवढा खटाटोप कशासाठी?

आमची पहिली दोन फुटी टाकी तयार स्टँडवरच होती. वरून छान सनमायका, आत पार्टिकल बोर्ड. दीड वर्षाने एक दार नीट लागेना. बिजागरी सैल झाली असेल म्हणून खाली वाकून पाहिलं, तर मागच्या पायाशी बोर्ड फुगून सनमायका सुटली होती. नखाने खरवडलं तर ओला भुसा हातात आला. फरशी रोज पुसली जाते, ते पाणी खालून शोषलं गेलं होतं आणि तो कोपरा दोन सूत, म्हणजे पाव इंच खचला होता. काच तडकली नाही हे नशीब. त्या दिवशी टाकी रिकामी केली आणि पुढची टाकी स्वतःच्या कॅबिनेटवर ठेवायची असं ठरवलं.

सगळेच तयार स्टँड वाईट असतात असं नाही. घेणार असाल तर दुकानदाराला मागची आणि खालची बाजू दाखवायला सांगा. बिनरंगाची, उघडी कड दिसली तर घेऊ नका.

चार फुटी टाकीचं वजन किती होतं? स्लॅबला झेपेल का?

आमची टाकी 120 सेंटीमीटर लांब, 45 रुंद आणि 45 उंच आहे. काठोकाठ भरली तर 243 लिटर पाणी मावतं. वरचा थोडा भाग रिकामा राहतो आणि वाळू-दगड जागा खातात, म्हणून प्रत्यक्षात साधारण 215 लिटर धरा, म्हणजे 215 किलो. 10 एमएमच्या काचेचं वजन चौरस मीटरला 25 किलो पडतं, त्या हिशोबाने काच 50 किलो. वाळू आणि दगड 40, कॅबिनेट 50. एकूण साडेतीनशे किलोच्या आसपास. पाच मोठी माणसं एकमेकांना चिकटून एकाच जागी रात्रंदिवस उभी आहेत अशी कल्पना करा.

राहत्या घराच्या खोल्यांसाठी भारतीय मानकात (आयएस 875) चौरस मीटरला सुमारे 200 किलोचा वापरभार धरतात. टाकीखालची जागा जेमतेम अर्धा चौरस मीटर असते, त्यामुळे आकडा बघून घाबरायला होतं. पण आरसीसी स्लॅब असा भार आजूबाजूला वाटून घेतो आणि बाकीची खोली पूर्ण भरलेली नसते. टाकी भिंतीलगत, खाली बीम असेल तिथे ठेवा. खोलीच्या मधोमध नको. आणि बाल्कनीत तर मुळीच नको, कारण बऱ्याच इमारतींत बाल्कनीचा स्लॅब एकाच बाजूने धरलेला असतो.

टाकी पाच-सहा फुटी करायची असेल, किंवा घर जुन्या वाड्यात लाकडी तक्तपोशीवर असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय काचसुद्धा विकत घेऊ नका.

लोखंडी फ्रेम बरी की पूर्ण लाकडी?

दोन्ही चालतात. दीड इंची चौकोनी पाइपची वेल्ड केलेली फ्रेम आणि बाहेरून प्लाय, हा आपल्याकडचा रूढ प्रकार आहे आणि मोठ्या टाकीला तोच घ्यावा. फ्रेमला रेड ऑक्साइड आणि त्यावर ऑइल पेंट नीट लावलेला हवा. वेल्डिंगच्या जागी गंज आधी धरतो. चार फुटांपर्यंत मला पूर्ण प्लायचं कॅबिनेट आवडतं. आत मोकळी जागा जास्त मिळते, आणि विजेचा बोर्ड लोखंडावर बसवण्यापेक्षा लाकडावर बसवलेला बरा.

प्लाय कोणतं घ्यायचं आणि किती लागतं?

आयएस 710 छाप असलेलं बीडब्ल्यूपी, म्हणजे ज्याला बाजारात मरीन प्लाय म्हणतात ते. एमआर ग्रेड स्वस्त पडतं, पण ते दमट हवेपुरतं असतं, साचलेल्या पाण्यासाठी नाही. जाडी 18 किंवा 19 एमएम, मिस्त्रींच्या भाषेत सहा सूत. 30 इंच उंचीच्या कॅबिनेटला वरची फळी दुहेरी धरून सुमारे 48 चौरस फूट लागलं. आठ बाय चारच्या एका शीटमध्ये 32 चौरस फूट येतं, म्हणून दोन शीट घ्या. उरलेल्या तुकड्यांत टाकीवरचं झाकण निघतं.

आम्ही भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलं. दुकानातच शीट आडवं ठेवून कडेने एक डोळा मिटून बघा. बाक आलेलं शीट घेऊ नका, स्क्रूने सरळ होईल या भरवशावर तर नकोच. कडेच्या थरांत पोकळी दिसते का तेही पाहा.

कॅबिनेटची रचना कशी असावी?

वजन उभ्या फळ्यांवरून सरळ खाली जमिनीत गेलं पाहिजे, स्क्रूवर लटकता कामा नये. वरची फळी दोन बाजूंच्या फळ्यांच्या मध्ये अडकवू नका, ती त्यांच्या माथ्यावर बसवा. चार फुटांत मध्ये एक उभी फळी हवीच, नाहीतर वरच्या फळीला झोल येतो. खाली चार इंचांची चौकट ठेवा आणि प्रत्येक उभ्या फळीच्या बरोबर खाली त्या चौकटीची आडवी पट्टी येऊ द्या. ती चौकट म्हणजे फरशी पुसण्याच्या पाण्यापासून कॅबिनेटचं संरक्षण. तिच्या तळाला आम्ही पीव्हीसीची पट्टी चिकटवली आहे, म्हणजे प्लायची कड फरशीला कुठेच टेकत नाही.

मागची फळी पातळ लावून पैसे वाचवायचा मोह होतो. ती पूर्ण जाडीची लावा. उभ्या फळ्या वजन पेलतात, पण कॅबिनेट डाव्या-उजव्या बाजूला डुलू नये हे काम मागच्या फळीचं. ती बसवण्याआधी रिकाम्या सांगाड्याला हाताने हलकं ढकलून बघा, तो चौकोनाचा तिरका होऊ पाहतो. बसवल्यावर परत ढकला. त्या दोन ढकलण्यांतला फरक हाताला कळला की तिथे पैसे का वाचवू नयेत हे कुणी सांगावं लागत नाही.

सांध्यांना वॉटरप्रूफ फेविकॉल आणि स्क्रू दोन्ही. स्क्रूआधी बारीक ड्रिल मारून घ्या, नाहीतर प्लायची कड फाटते. प्रत्येक सांधा गुण्या (काटकोन मोजायचं साधन) लावून तपासा. फिल्टरच्या नळ्यांसाठी मागे भोकं पाडाल तेव्हा भोकाची आतली कड इपॉक्सीने किंवा ऑइल पेंटचे दोन हात देऊन बंद करा. सगळे लोक समोरची पॉलिश निरखतात, पण पाणी आत शिरतं ते या उघड्या कडांतून.

अजून एक गोष्ट आत हात घातल्याशिवाय सुचत नाही. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर कॅबिनेटमध्ये राहणारा, नळ्यांनी जोडलेला बंद डबा) ठेवणार असाल तर त्याच्या डोक्यावर किमान सहा-आठ इंच जागा सोडा. नळ्यांसकट तो बाहेर काढायचा असतो. आम्ही आधी पुठ्ठ्याचा खोका त्याच मापाचा करून पेटीत घातला आणि काढला, मग मधल्या फळीची जागा ठरवली.

लेव्हल किती काटेकोर हवी?

जितकी जमेल तितकी. रिकाम्या कॅबिनेटवर लांबीला, रुंदीला आणि दोन्ही तिरक्या रेषांत पाणसळ लावा. लांब पाणसळ नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं बघायची, गवंडी करतात तसं. पुण्या-मुंबईच्या बऱ्याच हॉलमध्ये फरशीला बाल्कनीच्या बाजूने थोडा उतार असतो. तो कॅबिनेटच्या पायाशी पट्टी सरकवून काढा, टाकीखाली पुठ्ठा घालून नव्हे. टाकीच्या काचेखाली मात्र पूर्ण मापाचा थर्माकोल किंवा फोमची शीट हवी. फळीवर राहिलेला वाळूचा एक कणसुद्धा काचेला एका बिंदूवर टोचतो, आणि वर अडीचशे किलोहून जास्त वजन असतं.

काच किती जाडीची? टफन काच घ्यावी का?

पाण्याचा दाब उंचीवर ठरतो. आमच्या मापात समोरच्या काचेवर काठोकाठ पाण्याचा एकूण रेटा जवळपास 120 किलो येतो. तेवढ्याच लांबीत उंची दुप्पट केली तर रेटा चौपट होतो. म्हणून जागा असेल तर टाकी उंच करण्यापेक्षा रुंद करा. माशांनाही पोहायला आडवी जागा लागते, आणि तळापर्यंत तुमचा हात पोचतो.

दीड फूट उंचीला, वरून काचेच्या आडव्या पट्ट्या लावणार असाल, तर मी 10 एमएम घेतो. पट्ट्यांशिवाय उघडी टाकी हवी असेल तर 12. साधी फ्लोट काच पुरते. टफन केलेल्या काचेला नंतर कापता येत नाही की भोक पाडता येत नाही, आणि फुटली तर पूर्ण काच एका क्षणात चुरा होते.

मापं अशी दिली: तळ 1200 बाय 450, पुढची-मागची 1200 बाय 450, आणि बाजूच्या दोन 428 बाय 450 मिलिमीटर. 428 का? 450 मधून दोन काचांची जाडी 20 आणि दोन बाजूंच्या सिलिकॉनसाठी एकेक एमएम वजा. भिंती तळाच्या काचेवर उभ्या राहतात. काचवाल्याला सगळ्या कडा घासून द्यायला सांगा आणि घरी आणल्यावर कर्ण मोजा.

सिलिकॉन कुठला आणि कसा?

लावताना व्हिनेगरसारखा वास येतो तो ॲसिटिक सिलिकॉन. बाथरूमसाठीचा बुरशीविरोधी नको, त्यातली औषधं माशांना घातक असतात. नळीवर काचेसाठी किंवा ॲक्वेरियमसाठी असं लिहिलेलं बघून घ्या.

जोडणीच्या दिवशी दोन माणसं लागतातच. कडा ॲसिटोनने पुसा आणि नंतर बोट लावू नका. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप मारा. सिलिकॉनची एकसलग दोरी, मध्ये न थांबता. काच टेकवल्यावर इतकी दाबू नका की सगळा सिलिकॉन बाहेर येईल. सांध्यात एक एमएमचा थर राहिला पाहिजे, ताकद त्याच थरात असते. मग आतून बोटाने एकदाच ओढ घ्या आणि टेप लगेच काढा, साय धरायच्या आत. सांध्यात चांदीसारखी चमकणारी रेघ दिसली तर तो हवेचा बुडबुडा. लहान असेल तर चालतो, सांध्याच्या आरपार गेला असेल तर काच काढून पुन्हा लावा.

सात दिवस हात लावू नका. नंतर पार्किंगमध्ये सपाट जागी थर्माकोलवर ठेवून पाणी भरा: आधी तिसरा हिस्सा, मग अर्धी, मग पूर्ण. खाली वर्तमानपत्र पसरा, एक थेंबसुद्धा कागदावर डाग पाडतो. पूर्ण भरलेली टाकी तीन दिवस तशीच राहू द्या.

हे काम पावसाळ्यात करता येईल का?

सिलिकॉनला हवेतला ओलावा लागतो, त्याचं अडत नाही. पॉलिशचं अडतं. दमट दिवसांत लॅकर पांढुरका पडतो आणि प्लायही ओलावा धरून बसतं. काच जूनमध्ये जोडा, लाकडाचं काम दिवाळीच्या आगेमागे करा.

कॅबिनेटमधलं वायरिंग कसं असावं?

या प्रश्नाला कुणी घाईघाईत उत्तर दिलं की मला काळजी वाटते, म्हणून जरा सविस्तर.

पहिलं, एक्स्टेंशन बोर्ड कॅबिनेटच्या तळाशी आडवा टाकू नका. सर्वात जास्त घरांत मी हेच पाहिलं आहे. फिल्टर उघडताना पेलाभर पाणी सांडतंच आणि ते तळाशीच जातं. आमच्याकडे मधल्या उभ्या फळीने कॅबिनेटचे दोन भाग झाले आहेत: डावीकडे ओला, उजवीकडे कोरडा. फिल्टर आणि नळ्या डावीकडे. स्विचबोर्ड उजव्या भिंतीवर, वरच्या तिसऱ्या भागात, उभा बसवलेला. वायरी मधल्या फळीतल्या एका भोकातून येतात आणि त्या भोकात रबरी ग्रोमेट (कडी) आहे, म्हणजे वायरीचं आवरण लाकडावर घासत नाही.

दुसरं, प्रत्येक वायरीला प्लगमध्ये जाण्याआधी खाली झोळ द्या. टाकीतून बाहेर आलेली ओली वायर सरळ उतरत सॉकेटमध्ये गेली तर पाणी तिच्या अंगावरून ओघळत थेट पितळी पिनांपर्यंत पोचतं. वायर आधी सॉकेटच्या खाली जाऊन मग वर वळली, तर थेंब त्या खालच्या वळणावरून गळून पडतो. एकदा एअर पंपाच्या वायरीवर हा थेंब मी टॉर्च लावून बघितला आहे. वळणाच्या तळाशी तो फुगत गेला, लोंबला आणि खाली ठेवलेल्या स्टीलच्या ताटलीत पडला. सॉकेट त्याच्यापासून वीतभर वर कोरडं ठणठणीत होतं.

तिसरं, प्रत्येक उपकरणाला वेगळा स्विच आणि त्यावर मराठीत चिठ्ठी: दिवा, फिल्टर, हवा, हीटर. तुम्ही गावाला गेलात की शेजारच्या काकू खायला घालायला येतील, त्यांना अंदाज करावा लागू नये.

एलईडीचा 12 व्होल्टचा ॲडॅप्टर बंद झाकणाखाली कोंडू नका, तो कोरड्या भागात हवेशीर ठेवा. वर पाण्याजवळ फक्त 12 व्होल्टची वायर जाऊ द्या. स्विच, ग्रोमेट, टायमर हे सगळं आम्हाला तपकीर गल्लीत एका फेरीत मिळालं. मुंबईकरांना लोहार चाळ आहेच.

एमसीबी आहे, मग आरसीसीबी कशाला?

एमसीबी वायरिंग वाचवतो, माणसाला नाही. शॉर्टसर्किट किंवा जास्त लोड झाला की तो पडतो. पण तडकलेल्या हीटरमधून पाण्यात आणि पाण्यातून तुमच्या हातात येणारा करंट एमसीबीच्या दृष्टीने अगदी किरकोळ असतो, आणि माणसाला तेवढा पुरतो. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत येत नाही हे आरसीसीबीला कळतं आणि तो लाइन तोडतो. माणसाच्या संरक्षणासाठी 30 मिलिअँपिअरचा हवा; काही घरांत मेनला 100 चा असतो, तो यासाठी पुरेसा नाही. आरसीसीबी जास्त लोडवर पडत नाही, म्हणून एमसीबीही सोबत लागतोच. दोन्ही कामं एकात करणारा आरसीबीओ मिळतो, टाकीच्या लाइनला तो सोयीचा.

टाकीची बरीचशी उपकरणं दोन पिनांची येतात, त्यांना अर्थिंगची वायरच नसते. म्हणून तर आरसीसीबी वगळता येत नाही. महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा. ते बटण घराचं अर्थिंग तपासत नाही, अर्थिंग वायरमनकडून वेगळं बघून घ्या.

आणि आरसीसीबी असला तरी टाकीत हात घालण्याआधी सगळे स्विच बंद. आमच्या घरी हा नियम मुलांनाही पाठ आहे.

बसवल्यापासून आरसीसीबी सारखा पडतो. काढून टाकू का?

नाही. सगळे प्लग काढा आणि एकेक लावत जा. ज्याने पडतो ते उपकरण बाद. हीटर आणि स्वस्त सबमर्सिबल पंप आधी तपासा. काहीच लावलेलं नसताना पडत असेल तर घरात इन्व्हर्टर आहे का बघा. इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला जोडला गेला असेल तर हा त्रास होतो. वायरमन ते न्यूट्रल वेगळे करून देतो.

लाइट गेली तर माशांचं काय?

तासा-दोन तासांनी काही बिघडत नाही. त्याहून जास्त वेळ जात असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप ठेवा. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, किंवा नळीत चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) लावा. नाहीतर पंप थांबताच पाणी नळीतून उलटं येऊन बोर्डावर उतरतं. इन्व्हर्टरवर फिल्टर चालवायचा तर साइन वेव्ह घ्या, स्क्वेअर वेव्हवर मोटर घुरघुरते आणि तापते.

कॅनिस्टर फिल्टर बरेच तास बंद राहिला तर लगेच चालू करू नका. आतल्या उपयोगी जिवाणूंना प्राणवायू मिळालेला नसतो आणि ते कुजलेलं पाणी थेट टाकीत जातं. आधी तो रिकामा करून टाकीच्याच पाण्याने खळबळून घ्या.

विजेचं बिल किती वाढतं?

60 वॉटचा दिवा आठ तास, 20 वॉटचा फिल्टर आणि पाच वॉटचा एअर पंप दिवसभर, असे रोज साधारण 1.1 युनिट, महिन्याला 32-33. हीटर वेगळा, पण तो पुण्या-नाशिकच्या थंडीतच काय तो लागतो. पाणी बदलण्याआधी हीटर बंद करून पंधरा मिनिटं थांबा. गरम काच उघडी पडली की तडकते.

पाणी भरलं की मासे कधी आणायचे?

चार ते सहा आठवडे थांबा. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचं नायट्रेट. हे जिवाणू फिल्टरमध्ये वस्तीला यायला तेवढा वेळ लागतो. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसले की आधी चार-पाचच मासे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढणारं औषध प्रत्येक वेळी घाला. या महिन्याभरात कॅबिनेटही तपासून होतं: रोज रात्री खालच्या कोपऱ्यांत टिश्यू पेपर फिरवा.

कॅबिनेट आतून दमट राहतं, वास येतो.

मागच्या फळीला वर आणि खाली हवेची भोकं नाहीत. वर दोन, खाली दोन पाडा, कडा बंद करा. दारं दिवसातून एकदा उघडी ठेवा. वास लगेच गेला नाही तर कुठेतरी सांधा झिरपतोय.

रात्री टाकी गळायला लागली तर?

आधी वीज. कॅबिनेटमध्ये हात घालून स्विच शोधू नका. घराच्या मुख्य डीबीतून (जिथे सगळे एमसीबी असतात ती पेटी) टाकीची लाइन बंद करा, म्हणून तिचा एमसीबी वेगळा असावा आणि त्यावर चिठ्ठी असावी. मग पाणी गळतीच्या रेषेखाली येईपर्यंत काढा. पातळी खाली गेली की दाब कमी होतो आणि गळतीही मंदावते. माशांना टाकीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत एअर पंप लावून ठेवा, एक रात्र ते सहज काढतात. बाहेरून सिलिकॉन फासू नका. ओल्या काचेला तो धरत नाही आणि जुन्या सिलिकॉनला नवा चिकटत नाही. टाकी सुकवून तो सांधा ब्लेडने पूर्ण साफ करून पुन्हा भरावा लागतो.

आमच्या कॅबिनेटच्या उजव्या दाराला आतून दोन हुक आहेत. एकावर टॉर्च, दुसऱ्यावर गुंडाळलेला पाइप, बाथरूमपर्यंत पोचेल एवढ्या लांबीचा. तो कपडे वाळत घालायला किंवा गाडी धुवायला कुणी नेत नाही.